मळणीयंत्राला बांधलेली बाटली

अंबड,
५ ऑगस्ट २०२४

श्री. सोमेश्वर रखमाजी गाढे, औषधविक्रेते, जाफराबाद, यांस,

मायन्यात 'ती. दादास' हे शब्द नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेलच. पाठची बहीण म्हणून मी ते आजवर लिहीत आले. यापुढे लिहिणार नाही. पत्र पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवत आहे. पुढे कधी आपण 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणालात, तर आपल्या सहीची पावती माझ्याजवळ असावी.

हेतू सरळ सांगते. आपला औषधविक्रीचा परवाना रद्द व्हावा यासाठी मी औषध निरीक्षकांकडे तक्रार करणार आहे, आणि यंदाच्या सोयाबीनची मळणी आटोपण्यापूर्वी ती दाखल झालेली असेल. परंतु मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. शिकवल्याशिवाय परीक्षा घेणे मला आजही जमत नाही. म्हणून आधी शिकवीन आणि मग नापास करीन.

घटना आपल्याला माहीत आहे, तरी नोंद असावी. गेल्या ऑक्टोबरात आपल्या शेतात मळणी चालू असताना आई जेवणाचा डबा घेऊन गेली. यंत्रातून उडालेले शेंगेचे टरफल तिच्या डाव्या डोळ्यात गेले. यंत्राच्या दांडीला आपल्या दुकानातली लाल झाकणाची बाटली सुतळीने बांधलेली होती. तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक मळणीयंत्राला ती आपण फुकट बांधून देता. कोणाच्या डोळ्यात कचरा गेला की बाटली सोडायची, दोन थेंब टाकायचे आणि पुन्हा पेंढ्या ओढायला लागायचे, ही रीत आपणच पाडलीत. आईलाही तेच थेंब मिळाले. पुढचे बावीस दिवस ते आपण स्वतःच्या हाताने घातलेत. डिसेंबरात तिचा डोळा काढावा लागला. त्या बावीस दिवसांत मला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

आता पहिला धडा. डोळ्याच्या पुढच्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. टरफलाने त्यावर ओरखडा उमटतो, आणि टरफलावर बसून आलेले बुरशीचे बीजाणू त्या ओरखड्यात रुजतात. शरीर लगेच पहारेकरी पेशी धाडते. डोळा लाल होतो, दुखतो, पाणी गाळतो. तो सगळा त्या पहारेकऱ्यांचा गलका असतो. आपल्या बाटलीत स्टेरॉईड आहे. ते बुरशीला काहीही करत नाही. ते पहारेकऱ्यांना गप्प बसवते. घरात चोर शिरलेला असताना कोणी अंगणातल्या कुत्र्यांना भाकर घालून निजवावे आणि घरच्यांनी म्हणावे, 'कुत्री भुंकायची थांबली, म्हणजे चोर गेला.' लाली उतरते, ठणका थांबतो, माणूस आपले गुण गातो, आणि आत बुरशी निवांत जेवत असते.

एवढे पुन्हा वाचा. पुढचा धडा यावरच उभा आहे.

दैवशाला


अंबड,
८ सप्टेंबर २०२४

श्री. सोमेश्वर रखमाजी गाढे यांस,

पोचपावती मिळाली. सही आपलीच आहे.

वंदनावहिनींचा फोनही आला. त्या म्हणाल्या, 'ताई, घरातलं भांडण टपालानं कशाला पाठवून राह्यल्या? पोस्टमन सगळ्या गल्लीला सांगतो.' मी म्हटले, तर मग पोस्टमनचा पगार वसूल झाला.

आपल्या समोरच्या कापडदुकानाची माडी मी आठवडी बाजाराच्या दिवसापुरती घेतली आहे. सिराजोद्दीनचाचांनी किल्ली देताना विचारले, 'बेटी, पाटी किधर लगाऊं? भाई को दिखे वैसी, के ना दिखे वैसी?' मी म्हटले, त्यांच्या गल्ल्यावरून सरळ वाचता येईल अशी. ती लागली आहे. 'डोळ्यात कचरा गेला असल्यास थेंब घालण्यापूर्वी येथे दाखवा.' अक्षरे मुद्दाम मोठी काढून घेतली आहेत.

जालन्याच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टर आसिफा दर बाजाराला येतात. त्यांचे वय माझ्या विद्यार्थिनींएवढे, पण हात असा स्थिर की पाहत राहावे. त्या डोळा बधिर करतात आणि पारपटलावरच्या व्रणाच्या कडेची किंचित खरवड काढतात. पुढचे काम माझे. महाविद्यालयाने मोडीत काढलेले सूक्ष्मदर्शक मी मागून आणले आहे. त्यासाठी तीन महिने मी डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून बसले.

दुसरा धडा आता देते, आणि तो देताना मला आनंद होतो हे मी लपवत नाही. खरवड काचपट्टीवर ठेवायची. वर पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणाचा एक थेंब, त्यावर पातळ काच. मग थांबायचे. त्या क्षारात माणसाच्या पेशी विरघळू लागतात, पण बुरशीची भिंत टिकून राहते. दहा मिनिटांत धुके विरते, आणि त्यातून पारदर्शक, फाटे फुटलेले, बांबूच्या पेरांसारखे आडवे पडदे असलेले तंतू उभे राहतात. सोमेश्वरराव, त्या दृश्याला सुंदर म्हणावे लागते. ज्याच्या डोळ्यात ते वाढते आहे त्याची क्षमा मागून म्हणावे लागते.

यासाठी एक काच, एक थेंब, साधे सूक्ष्मदर्शक आणि पाहायला शिकलेला माणूस लागतो. मोठे यंत्र लागत नाही, मुंबई लागत नाही. अशा तालुक्यांत लोकांचे डोळे जातात ते रोग असाध्य असतो म्हणून नव्हे. कोणी पहिल्या आठवड्यात काचेवर पाहत नाही, आणि बुरशीवरचे नॅटामायसिनचे थेंब जवळच्या दुकानात नसतात, म्हणून. आपल्या दुकानात मी विचारायला माणूस पाठवला होता. आपण म्हणालात, 'त्याला गिऱ्हाईक न्हाई.'

आईच्या डोळ्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवली तेव्हा ती फ्युजेरियम निघाली. तुरीच्या शेतात झाडे उभी वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी याच कुळातली. तिची चित्रे मी अठ्ठावीस वर्षे फळ्यावर काढली.

दैवशाला


अंबड,
२० ऑक्टोबर २०२४

श्री. सोमेश्वर रखमाजी गाढे यांस,

मळणी भरात आली आणि माडीचा जिना भरू लागला. आजवर जेवढ्या खरवडींत बुरशी दिसली, त्यांतला एकही रुग्ण असा नव्हता की ज्याच्या डोळ्यात आधी आपल्या बाटलीचे थेंब पडलेले नव्हते. प्रत्येकाचा जबाब मी सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी घेतला आहे.

बाटल्याही गोळा करते आहे. शेताशेतात जाऊन यंत्रावरची सुतळी कापते आणि मालकासमोर बाटली पाकिटात घालून तारीख टाकते. बहुतेक जण देतात. बबलू मशीनवाल्याने मात्र हात आडवा घातला. म्हणाला, 'म्याडम, मशीनीची लिंबू-मिरची काढा, मी कायबी म्हणणार न्हाई. सोमेश्वरशेठच्या बाटलीला हात लावू नका. तिच्यामुळं माझी मजुरं दुपारून घरी जात न्हाईत.' सगळी टोळी हसली. मी त्याला माडीवर यायला सांगितले. तो आला, सोनूबाईची काच चालू होती. मी त्याला नळीतून पाहायला लावले. बराच वेळ पाहून त्याने विचारले की ही मुळे कशाची आहेत. मी म्हटले, सोनूबाईच्या डोळ्याची. सोनूबाई त्याच्याच टोळीतली. संध्याकाळी तो बाटली स्वतः घेऊन आला.

सोनूबाईला पाहायला आपण रस्ता ओलांडून आलात. आपण माडीवर पाऊल ठेवाल असे मला वाटले नव्हते. बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर आपण जे बोललात ते मी शब्दशः उतरवून ठेवले आहे, कारण शत्रूचा युक्तिवाद चोरून लहान करणे माझ्या शिस्तीत बसत नाही. आपण म्हणालात, 'दैवा, तू काचा बघती. मी माणसं बघतो. जालन्याला जायचं म्हणजे एक दिवस बुडतो, संगं दुसरं माणूस लागतं, त्याचाबी दिवस बुडतो. सुगीत कोण जाईल? डॉक्टर न्हाई, तवा मी हाय. मी जाणूनबुजून कुणाचा डोळा घेतला का?'

यातले डॉक्टर नाहीत, अंतर लांब आहे, सुगी थांबत नाही, हे सगळे बरोबर आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष तेवढा चूक आहे. पाणी लांब आहे म्हणून कोणी तहानलेल्याला रॉकेल पाजत नाही. आपण जाणूनबुजून केले नाही, हेही मी मान्य करते. पण आई बाविसाव्या दिवशी म्हणाली की दिव्याभोवती कडे दिसते, तेव्हा आपण झाकण उघडून आणखी दोन थेंब घातलेत. तोवर जाणण्याची वेळ आली होती.

तक्रारीचा मसुदा पूर्ण आहे. फक्त आईचा जबाब राहिला आहे. तो झाला की निरीक्षक येतील आणि आपल्या दाराला मोहोर लागेल. त्या दिवशी मी माडीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसणार आहे.

दैवशाला


अंबड,
१० नोव्हेंबर २०२४

सोमेश्वर,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडले. पाचव्यांदा जसे होईल तसे पाठवते.

परवा आईचा जबाब घ्यायला बसले. गेल्या डिसेंबरपासून ती माझ्याकडेच आहे, त्यामुळे तिचा होकार मी गृहीत धरला होता. कागदावर तारीख टाकली, 'मी, दुर्गाबाई रखमाजी गाढे' इतके लिहिले, आणि तिला म्हटले, सांग. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारले, 'समदं सांगू, का सोमूचंच सांगू?'

मी म्हटले, समदं.

'मंग फोटोचं लिव्ह.'

मी पहिल्या पत्रात तुला लिहिले होते की त्या बावीस दिवसांत मला कोणी विचारले नाही. ते खोटे होते. चौथ्या दिवशी वंदनावहिनींनी आईच्या डोळ्याचा फोटो मोबाईलवर पाठवला होता आणि विचारले होते, 'ताई, बघा बरं, बराबर वाटून राह्यलं का?' मी उत्तरपत्रिका तपासत होते. फोटो पाहिला. डोळा पांढरा दिसत होता, लाली उतरलेली होती. मी लिहिले, 'छान पांढरा झालाय. चालू ठेवा.' आईला तू ते मोठ्याने वाचून दाखवलेस. ती म्हणते, 'प्रोफेसरीन छान म्हणली म्हणून मी अठरा दिवस गप बसले. दुखत व्हतं तरी सांगितलं न्हाई.'

तो फोटो माझ्याजवळ अजून आहे. मोठा करून पाहिला की बाहुलीच्या खालच्या कडेला खसखशीच्या दाण्याएवढा करडा ठिपका दिसतो, आणि त्याची कड पिसाऱ्यासारखी फाटलेली दिसते. ज्याने एकदा बुरशीची वाढ पाहिली आहे त्याने तो ओळखायला हवा. मी अठ्ठावीस वर्षे पाहिली होती. मी ती ताटलीत ओळखते, तुरीच्या मुळावर ओळखते. आईच्या डोळ्यात तिला शोधावे हे माझ्या मनातही आले नाही.

वर्षभर तू हे कुणालाही सांगितले नाहीस. माडीवर, सगळ्यांसमोर, तुझ्या हाती ते होते. तरी बोलला नाहीस. त्याबद्दल मला तुझा जास्तच राग आला, हेही लिहून ठेवते.

जबाब अर्धा राहिला आहे. आई पुढे काय म्हणाली ते वेगळे लिहीन. आज माझ्याने होत नाही.

दैवशाला


अंबड,
१४ नोव्हेंबर २०२४

सोमेश्वर,

क्षमेचे पत्र समजून हे उघडू नकोस. शांतपणे वाच, एकेक वाक्य महत्त्वाचे आहे.

मी आईला विचारले की जबाब देणार की नाही. ती म्हणाली, 'दुकान बंद करून काय व्हनार? शेजारच्या दुकानातबी लाल झाकणाची बाटली हायच. लोकं तिथून आणतील. सोमूला दुकानातच बसव. जो कुणी ती बाटली मागंल त्याला त्यानं सांगायचं, का या बाटलीनं माझ्या मायचा डोळा गेला, मी सोताच्या हातानं घातली. रोज सांगू दे. दाराला कुलूप लागलं तं एक दिवस लाज वाटंल. हे रोज वाटंल.'

अठ्ठावीस वर्षांत मला इतकी नेमकी शिक्षा कधी सुचली नव्हती. बंद दुकानासमोर लोक हळहळतात, म्हणतात बहिणीने भावाचे घर बसवले. उघड्या दुकानात गल्ल्यावर बसून तू स्वतःच्या तोंडाने बोलशील, तेव्हा हळहळायला कोणी असणार नाही.

तर अट अशी. बाटली मागणाऱ्या प्रत्येकाला तू हे वाक्य सांगायचेस, हळूच पुटपुटून नव्हे. मग डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय बाटली द्यायची नाही, आणि डोळ्यात काडी-कचरा लागलेला माणूस माझ्या माडीवर नाहीतर जालन्याला पाठवायचा, तुझ्या हाताच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीत कधी लागले, कशाचे लागले आणि आधी कोणते थेंब घातले हे लिहायचे. डॉक्टर आसिफांचा निम्मा वेळ हे विचारण्यात जातो. नॅटामायसिन दुकानात ठेवायचे आणि त्यांच्या लेखी सूचनेवर द्यायचे. यंत्रांवर उरलेल्या बाटल्या तुझ्या हाताने सोडवून आणायच्या. कोणत्या यंत्राला बांधली हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

तक्रार पूर्ण आहे. तिच्यात आता एक पान वाढले आहे: फोटो, माझे 'छान', आणि माझी सही. आईने तेवढ्यावरच अंगठा दिला. फाईल माझ्या कपाटात राहील. मी ती फाडलेली नाही आणि फाडणार नाही.

उत्तर लिहू नकोस. मला उत्तर नको, काम हवे.

दैवशाला


अंबड,
१६ फेब्रुवारी २०२५

सोमेश्वर,

मी आपणहोऊन लिहिणार नव्हते. परंतु ज्या प्रयोगाची सुरुवात कळवली त्याचा निकालही कळवावा, ही सवय.

गेल्या महिन्यात तुरीची मळणी सुरू झाली तेव्हा गिरिजाबाई तुझी चिठ्ठी घेऊन माडीवर आल्या. चिठ्ठीत तुझ्या अक्षरात होते: 'वय अंदाजे पन्नास. तीन दिवसांपूर्वी तुरीची काडी, उजवा डोळा. कोणतेही थेंब घातलेले नाहीत. बाटली मागितली, दिली नाही. सांगायचे ते सांगितले.'

डॉक्टरांनी खरवड काढली. मी थेंब टाकला आणि थांबले. धुके विरले आणि तंतू दिसले. थोडेच, अगदी कोवळे. व्रण मोहरीएवढा होता. सोमेश्वर, इतक्या लवकर आलेली काच मी या माडीवर पहिल्यांदाच पाहिली. उठून डॉक्टरांना सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता, असे चाचा खालून म्हणाले. जागेपणी दर तासाला नॅटामायसिन, बाटली हलवून. पहिल्या दोन बाजारांना त्या चिडून आल्या की डोळा अजून लाल आहे, तुमच्या औषधाचा गुण येत नाही. मी त्यांना कुत्र्यांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, 'मंग भुंकू द्या.' या बाजाराला व्रण भरलेला दिसला. कडेला पुसटसा डाग आहे, बाहुलीच्या बाहेर. त्यांनी त्या डोळ्याने पाटीवरची सगळी अक्षरे वाचली, आणि समोरच्या तुझ्या दुकानाचीही.

तुझ्याकडे काय झाले तेही मी त्यांना विचारले. अटीची तपासणी मी करणारच. गिरिजाबाईंनी सांगितले ते असे: 'शेठ लई हळू बोलले. मान खाली घालून. मी म्हणलं, दादा, मला आईकू कमी येतं, मोठ्यानं सांगा. मंग त्यांनी मोठ्यानं सांगितलं. अजूनबी आलं न्हाई म्हणलं. तवा उभं राहून सांगितलं. दुकानात बाजाराची गर्दी व्हती.'

मी ती चिठ्ठी फायलीत लावली आहे. आतापर्यंतच्या सगळ्याच लावल्या आहेत. त्यांची संख्या वाढते आहे, तोवर फाईल कपाटात आहे. ज्या बाजाराला तुझ्याकडून एकही चिठ्ठी येणार नाही आणि माणूस मात्र पांढरा झालेला डोळा घेऊन येईल, त्याच दिवशी मी फाईल घेऊन जालन्याला जाईन. पहिले पान तुझे, दुसरे माझे.

आईला हे सगळे वाचून दाखवले. उभं राहून सांगितल्याचा मजकूर तेवढा तिने पुन्हा वाचायला लावला.

गिरिजाबाईंची माहिती नोंदवताना एक गोष्ट कळली. त्यांच्या नवऱ्याचा डोळा चार वर्षांपूर्वी मळणीतच गेला, मशीनवरच्या थेंबांनी. आणि डॉक्टर आसिफा सवयीने सगळेच तपासतात, म्हणून हेही तुला कळवते: गिरिजाबाईंचे दोन्ही कान उत्तम आहेत.

दैवशाला